मधोमध बांधलेलं गाठोडं

गच्चीवर वाळत घातलेले गहू खाली घरात आणायचे, एवढंच काम होतं. माझ्या बायकोने, हौसाने, आणि मी मिळून केलेलं ते शेवटचं साधं काम. शेवटचं आहे असं कुणी सांगितलं असतं तर मी तिच्याकडे नीट बघून घेतलं असतं. तसं कुणी सांगत नसतं.

नळाचा एक जुना पाइप होता. त्याच्या मधोमध गाठोडं अडकवायचं, एक टोक तिच्या खांद्यावर, एक माझ्या. चंडीगडजवळच्या खरडमधली आमची इमारत चार मजली, लिफ्ट बिल्डरने नुसती नकाशात लावलेली. आम्ही दुसऱ्या मजल्यावर. "मी पुढं होतो, तू मागनं ये," मी म्हणालो. त्यात माझा डाव होता. जिना उतरताना पुढचा माणूस खाली असतो, पाइप तिरका होतो आणि मधलं गाठोडं आपोआप खालच्याकडे घसरतं. घसरलं की वजन सगळं माझ्यावर. तिच्या खांद्यावर नुसता पाइप. न बोलता काम झालं असतं.

ती पहिल्याच पायरीवर थांबली. पाइपकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. गाठोडं परत खाली ठेवायला लावलं. जुन्या लुगड्याची एक पट्टी आणली, पाइपाला करकचून वेढे दिले, गाठ मारली आणि ओढून बघितली. गाठोडं मधोमध. हलायला तयार नाही.

"आता घसरवा," म्हणाली.

"अगं, डाक्टर काय म्हणाला तुला?"

"डाक्टर सोमवारी कापणार हाय. सोमवारपातूर मी धडकी हाय. फळीवर ठेवलेली भावली न्हाय मी. उचला."

उचललं.

यंदाचे गहू परत आलेत. वैशाखी झाली की आमच्याकडे आभाळच पिवळं होतं. शेतात कापणीच्या कंबाइन मशिनी फिरतात, त्यांचा भुसा वाऱ्यावर चढतो आणि खरडच्या रस्त्यावरून मोहालीपर्यंत जातो. दात चावले तर कचकच लागते. कपडे वाळत घातले तर झटकून आत घ्यावे लागतात. ट्रॉल्या मंडीकडे निघालेल्या असतात, मागे गाड्यांची रांग, आणि ट्रॉलीवाला आपल्या तालात. काल एक ट्रॉली आमच्या इमारतीखाली उभी राहिली. वरून कुणी हाक मारली नाही म्हणून ट्रॉलीवालाच ओरडला, "अंकलजी, कणक नहीं लेनी इस बार?" दरवर्षी हौसा त्याच्याकडून गहू घ्यायची, त्याला ठाऊक. मी नाही म्हणालो आणि दार लावून घेतलं. मग घरात येऊन बसलो आणि काही सुचेना, म्हणून हे लिहितोय. मी सातवी शिकलेला माणूस आहे. वाकडंतिकडं झालं तर झालं.

आमचं गाव साताऱ्याकडचं. फौजेत होतो, शेवटचं पोस्टिंग इकडचं. सुटल्यावर चंडीगडला एका इंजिनिअरिंग कॉलेजात प्रयोगशाळेचा शिपाई म्हणून लागलो आणि तिथंच म्हातारा झालो. हौसा आली तेव्हा हिंदीचा एक शब्द येत नव्हता. भाजीवाल्याशी मराठीत भांडायची, आणि भांडण जिंकून यायची.

प्रयोगशाळेत आडव्या पट्ट्या होत्या. त्यांना बीम म्हणायचं. आपल्याकडे तुळई म्हणतो, तीच. दोन टोकांना दोन टेकू, मधे लोखंडी आकडे लटकवलेले, आकड्यांवर वजनं ठेवायची. पण ही पट्टी अखंड नसायची. मधे कापलेली. कापलेल्या जागी बिजागरी आणि बिजागरीच्या खाली ताणाचा काटा. वजन टाकलं की पट्टी त्या सांध्यात वाकायला बघते, काटा तिला धरून ठेवतो, आणि किती जोराने धरतोय ते आकड्यात दिसतं. त्याला बेंडिंग मोमेंट म्हणायचं. शेजारी दुसरी मशीन. तिच्यात वाकण्याचं नाही, निसटण्याचं माप. एक अर्धा भाग दुसऱ्याच्या बाजूने खाली निसटायला बघतो. त्याला शिअर फोर्स म्हणायचं. नावं एवढी पाठ झाली, गणित काही मला आलं नाही. पोरांना माझ्यामुळं आलं असंही नाही. मी पट्ट्या पुसायचो, वजनं मोजून ठेवायचो, कुणाच्या पायावर पडू नये हे बघायचो.

पहिल्या वर्षी मी सरांना विचारलं होतं, चांगली पट्टी कापली कशाला? भले माणूस होते. म्हणाले, "बीम के अंदर क्या चल रहा है, बाहर से नहीं दिखता जी. इसलिए काटकर, बीच में काँटा लगाकर देखते हैं."

संध्याकाळी हौसाला सांगितलं. ती भाकरी थापत होती. "म्हंजे चांगलं हाय का न्हाय बघायला मोडायचं?" म्हणाली. "भारी शिकलेली लोकं तुमची." वर आणि हसली.

एप्रिलमध्ये गहू यायचे आणि एप्रिलमध्येच प्रॅक्टिकलच्या परीक्षा. त्यामुळे माझ्या डोक्यात दोन्ही वास एकत्र आहेत. वंगण आणि गव्हाचा भुसा. परीक्षेला बाहेरचे सर यायचे. घाई झाली की पोरं सगळी वजनं एकदम टाकायची. पट्टी धाडकन खाली, काटा थरथरतोय, आणि पोरगं त्या थरथरीतच आकडा लिहून मोकळं. मी ओरडायचो, "ओए, हौले! एक एक!" पोरांनी माझं नाव 'हौले चाचा' ठेवलं होतं. लग्नाच्या पत्रिकेवरही एकाने तेच लिहून पाठवलं.

रीत अशी होती. आधी रिकामी पट्टी पाणसळीत आणायची, बुडबुडा बरोबर मधे. मग एक वजन. पट्टी वाकते. वाकलेली असताना वाचायचं नाही. नट हळूहळू फिरवायचा, पट्टी पुन्हा सरळ करायची, बुडबुडा पुन्हा मधे आणायचा, आणि मग काट्याकडे बघायचं. वजन तिथंच असतं, कमी झालेलं नसतं. पट्टी तेवढी सरळ झालेली असते. सरळ राहायला किती जोर लागतोय, तेवढंच ती मशीन सांगते.

मागच्या वर्षीचा तो हंगाम मी असाच काढला. काट्याकडे बघत.

हौसाच्या काळजातली एक झडप निकामी झाली होती. थंडीत कळलं. चालताना थांबायला लागली, मग बोलताना थांबायला लागली. मोठ्या दवाखान्यात नंबर लावला, तारीख मिळाली ती वैशाखीनंतरच्या सोमवारची. डॉक्टर तरुण होता, चांगला बोलायचा. छाती उघडून नवी झडप बसवू म्हणाला. तोवर वजन उचलायचं नाही, जिना कमी, मीठ कमी. पायावर सूज येते का, ते रोज बघा. अंगठ्याने नडगीवर दाबायचं, खड्डा पडतो, तो किती लवकर भरतो ते बघायचं.

हे काम मला जमण्यासारखं होतं. रोज सकाळी चहाच्या आधी ती पलंगावर पाय सोडून बसायची आणि मी खाली बसून अंगठा दाबायचो. खड्डा पडायचा, मी बघत राहायचो. ती वरून विचारायची, "काय म्हणतोय काटा?"

कधी म्हणायचो, बरा आहे. कधी म्हणायचो, कालच्यासारखाच. खोटं मला बोलता येत नाही आणि तिच्यापुढं तर चाललंच नसतं. पण तो खड्डा भरेपर्यंत मी जागचा उठायचो नाही. सोमवारपर्यंत पोचायचं होतं. बाकी मला दुसरं काही नको होतं. तिला सोमवारपर्यंत न्यायचं, आणि मग त्या पोरसवदा डॉक्टरच्या हातात द्यायचं.

आणि तिला गहू भरायचे होते.

यावरून घरात रोज उठून भांडण. मी म्हणायचो, यंदा पिठाची पिशवी आणू. ती म्हणायची, पिशवीतल्या पिठाची चपाती फुगते, पण पोटाला कळत नाही काय खाल्लं ते. मुलीला, मीनाला, फोन लावला. ती बंगळूरला असते. जन्म इथला, मराठी सगळं समजतं, बोलते हिंदीच. "आई, आटा मैं ऑर्डर कर देती हूँ ना, घर पे आ जाएगा."

"तू तुझ्या घरी कर आर्डर," हौसा म्हणाली. "मी पडल्यावर तुझ्या बापाला काय खायला घालणार, पिशव्या?"

तेव्हा मला कळलं ती काय करतेय. सोमवारनंतर तिला महिना-दोन महिने पडून राहायचं होतं. तेवढ्यात घर बसू नये, चूल अडू नये, म्हणून ती आधीच वर्षाची तजवीज करत होती. मी तिच्यावरचं वजन काढायला बघत होतो आणि ती माझ्यावरचं. दोघंही आपापल्या टोकाला हटून बसलेले. कोण माघार घेणार?

मी घेतली. पण अट घातली. पोती ट्रॉलीवाल्याची माणसं वर गच्चीवर नेतील. निवडणं-पाखडणं ती बसून करेल. खाली मी आणेन, एकटा, थोडं थोडं. ती हो म्हणाली. हो म्हणायला तिचं काय जात होतं.

गहू वाळले तो शनिवार. सकाळी मी अंगठा दाबला. खड्डा पडला आणि तसाच राहिला. मी बघतोय, तो भरत नाही. ती बघतेय माझ्याकडे.

"काय म्हणतोय?"

"जास्त हाय," मी म्हणालो. "दवाखान्यात जाऊ."

"फोन करा."

फोन केला. तिथल्या बाईने विचारलं, श्वास कसा आहे, छातीत दुखतंय का. हौसाने फोन माझ्या हातातून घेतला आणि आपल्या हिंदीत सांगितलं, "सब ठीक है, दुखता नहीं." गोळी वाढवून घ्या, मीठ बंद करा, रविवारी भरती व्हायचंच आहे, त्रास वाटला तर लगेच या, असं ती बाई म्हणाली. हौसाने गोळी घेतली, पाणी प्यायली, पदर खोचला.

"मग आजच उरकू," म्हणाली. "आभाळ बघा."

पश्चिमेकडे मातकट ढग चढत होते. इथं या दिवसांत धुळीची आंधी येते, मागून पाऊस. एकटा थोडं थोडं आणत बसलो असतो तर सगळे भिजले असते. तेही तिला ठाऊक होतं. तिने पाइप आधीच काढून ठेवला होता.

असं ते गाठोडं मधोमध बांधलं गेलं.

पाइप मधे झुकला होता. मला मागचं काही दिसत नव्हतं, पण पाइपातून सगळं कळत होतं. तिने पाय टाकला की माझ्या खांद्याला कळायचं, ती थांबली की कळायचं. इतकी वर्षं संसार केला, पण ती कशी चालते हे मला त्या जिन्यात खांद्याने कळलं. एक पाय जरा जोरात, दुसरा हलका. माझे कान मागे, तिच्या श्वासावर. जिन्याच्या वळणावर मी थांबलो.

"दम लागला?"

"तुमाला लागलाय. मी तुमच्यासाठी थांबले."

खरंच मला लागला होता. आम्ही दोघंही पायरीवर बसलो, गाठोडं मधे. समोरच्या घरातली सिमरन गच्चीवर चालली होती. बघून थबकली. "आंटीजी! ये क्या कर रहे हो आप? अंकलजी, तुसी वी ना..."

"बेटा, ये अकेले से होता नहीं," हौसा माझ्याकडे हात करून म्हणाली. "आदमी का काम आधा."

सिमरन हसत वर गेली. हौसाच्या ओठांभोवतीचं कातडं निळसर दिसत होतं की जिन्यात उजेड कमी होता, ते मला आजही ठरवता येत नाही.

अर्धे गहू खाली आले. अर्धे गच्चीवर राहिले. त्यांच्यावर ताडपत्री टाकली, कडेला विटा ठेवल्या. आंधी आली पण कोरडीच गेली, दारं आपटून. "उरल्यालं उद्या," ती म्हणाली. मग घरात पाय पसरून बसली आणि हाताला एरंडेल लावून गव्हाला चोळायला लागली. त्याने कीड लागत नाही. मूठभर घ्यायचे, दोन्ही तळव्यांत फिरवायचे, धान्याच्या टाकीत सोडायचे. मला तिने कडुलिंबाचा पाला आणायला पाठवलं. टाकीत गव्हाच्या थरात घालायचा असतो.

पाला घेऊन वर आलो तर ती टाकीला टेकून बसली होती. हात तेलाने चकचकीत. "जरा पाणी," म्हणाली. पाणी दिलं ते प्यायली नाही.

सिमरनच्या नवऱ्याने गाडी काढली. दिवस मावळायच्या आत सगळं संपलं होतं. मी त्याबद्दल जास्त लिहिणार नाही.

त्या तरुण डॉक्टरला मी विचारलं. सरळच विचारलं. तिने वजन उचललं म्हणून झालं का? तो माझ्या शेजारी बाकड्यावर बसला. म्हणाला, "अंकलजी, पक्का कोई नहीं बता सकता. वॉल्व की हालत ऐसी थी कि सोते हुए भी हो सकता था." मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिलो. खोटा वाटला नाही. पण कॉलेजातल्या मशिनीवर मी निदान आकडा बघू शकत होतो. अखंड माणसाच्या आत काय चाललंय, ते कुठल्या काट्यावर वाचायचं? मी सगळा हंगाम ती वाकते का ते बघत होतो. ती वाकली नाही. ती निसटत होती.

मीनाला फोन करायचा होता. लगेच केला नाही. आवाज थरथरत होता. त्या बाकड्यावर बसून राहिलो, समोरच्या फरशीच्या रेघेकडे बघत, आणि आवाज सरळ झाल्यावर नंबर लावला. "मीना, आई गेली." एवढंच, पण सरळ सांगितलं. सकाळच्या विमानाने ती येणार, तोवर हौसाला दवाखान्यातच ठेवायचं ठरलं.

रात्री मला घरी आणून सोडलं होतं, पण सकाळी उजाडलं तेव्हा मी खुर्चीतच होतो. सवयीने उठलो, पलंगापाशी जाऊन खाली बसलो, अंगठा पुढं केला. मग हात मागे घेतला.

ओळखीच्या देशमुख वहिनी मोहालीहून आल्या होत्या. मीना येईपर्यंत घरात कुणीतरी असावं म्हणून. सिमरनने चहा पाठवला. तेवढ्यात खिडकीतून गार वारा आला आणि पश्चिमेच्या बाजूने ढग गडगडले. कालच्यासारखे मातकट नव्हते, काळे होते. मी उठलो आणि पाइप घेतला.

"भाऊ, कुठं निघालात?"

"गहू आणायला."

"अहो, सुतकात धान्य भरत नाहीत!"

"भिजलेलं धान्य सुतक पाळतं का, वहिनी?"

त्या दारातून बाजूला झाल्या. जिन्यात सिमरन भेटली, डोळे सुजलेले. "अंकलजी, रहने दो, मैं किसी को भेजती हूँ." मी मान हलवली आणि वर गेलो.

ताडपत्री काढली. गहू कोरडे होते, आतून उबदार, दोन दिवसांचं ऊन धरून. एक गाठोडं बांधलं, पाइपाच्या टोकाला अडकवलं, खांद्यावर घेतलं. पाइप उलटला. गाठोडं खाली, दुसरं टोक आभाळात. साहजिक होतं. इतकी वर्षं टेकू लावण्याचं काम केलेला माणूस मी, आणि दुसऱ्या टोकाला कुणी नाही हे मला पाइप उलटल्यावर कळलं.

मग बसलो आणि गव्हाचे दोन भाग केले. सारखे. हातात तोलून बघितले, एकातले मूठभर दुसऱ्यात घातले, परत तोलले. तिच्या लुगड्याच्या पट्ट्यांनी दोन गाठोडी बांधली, तिने दिले होते तसे वेढे देऊन, पाइपाच्या दोन टोकांना. मधे मी. कावडीसारखं. उठताना गुडघे वाजले. काल पाइप मधोमध खाली झुकला होता. आज दोन्ही टोकं खाली गेली आणि मध्य माझ्या खांद्यावर रुतला. सगळं वजन त्या एका जागी. हळूहळू पाठ सरळ केली, पाइप स्थिर झाला, मग पाय टाकला.

वळणावर पाइप भिंतीला लागत होता. आडवं होऊन, खेकड्यासारखं उतरावं लागलं. काल बसलो होतो त्या पायरीवर बसलो. पहिले थेंब गच्चीवर पडल्याचा आवाज येत होता. दम खाऊन उठलो.

घरात टाकी उघडीच होती. शेजारी एरंडेलाची बाटली, बूच काढलेलं. देशमुख वहिनींनी माझ्यासाठी पाट सरकवला. मी हाताला तेल लावलं, मूठभर गहू घेतले, तळव्यांत फिरवले आणि टाकीत सोडले. पुन्हा घेतले. तिच्या गव्हावर माझे गहू पडत गेले. मधे मधे पाला टाकला. कालचा, जरा मलूल झालेला.

फोन वाजला. मीना. "बाबा, मैं झिरकपूर में फँसी हूँ, गाड़ी हिल नहीं रही..." आणि मग थांबली, आणि जन्मात पहिल्यांदा मराठीत म्हणाली, "बाबा, तुम्ही काय करताय?"

"गहू भरतोय," मी म्हणालो. "तू सरळ दवाखान्यात ये. मी निघालोच."

शेवटची मूठ टाकली. हाताला तेलाचा वास होता, साबण लावला नाही. टाकीचं झाकण दाबून बसवलं, पायात चपला घातल्या आणि हौसाला आणायला निघालो.